अल्माती ते अक्ताऊ

आमची मोठी मुलगी अल्माती शहरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षीही ती तिसऱ्याच वर्षाला होती. हे वाक्य असं सरळ लिहायला आम्हाला बरेच महिने लागले, आणि ते लिहिता यावं म्हणून गेल्या मे महिन्यात रेल्वेने आणि जीपने अर्ध्या कझाकस्तानातून जावं लागलं.

जाऊन आल्यापासून ओळखीची माणसं एकच विचारतात, "एवढा खर्च केलात, तर उमरा का नाही केलात?" विचारणाऱ्यांचं चूक नाही. आमच्या मोहल्ल्यात विमानात बसण्याची कारणं दोनच, आखातातली नोकरी नाहीतर हज-उमरा. उमऱ्यासाठी साठवलेले पैसे आम्ही मोडले, हेही खरं. मुलीला दोन वर्षं पाहिलं नव्हतं. फोनवर ती "सब ठीक" म्हणायची, पण कॅमेरा बंद ठेवून. भारतीय पासपोर्टवर तिथे चौदा दिवस व्हिसा लागत नाही, ही सोय 2022 पासून झाली आहे. शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही निघालो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. आमच्यातलं एक माणूस हायस्कुलात उर्दू आणि मराठी शिकवतं, दुसरं एसटीच्या हिशेब खात्यात आहे. आम्ही कुणी प्रवासी नव्हे. पाठीवर सॅक लावून हिंडणारी गोरी मुलं गणपतीपुळ्याला दिसतात, तेवढाच त्या प्रकाराशी संबंध. पण अल्मातीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीने आमच्या दोन सुटकेसी आपल्या खोलीत कोंबल्या, तीन सॅक पुढे ठेवल्या आणि म्हणाली, "चौदा दिवस इथे बसून काय करणार? गाडीने पश्चिमेला जाऊ. समुद्रापर्यंत."

"आणि कॉलेज?"

"मे महिन्यात इथे सुट्ट्याच सुट्ट्या. एक तारीख, सात तारीख, नऊ तारीख. बाकीचं मी बघते."

रजेच्या चिठ्ठ्या वाचण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला तिथेच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मूल आपलं असलं की मास्तरकी घरी राहते.

तिथल्या रेल्वेत आपल्या स्लीपर क्लाससारखा एक वर्ग असतो, त्याला प्लात्सकार्त म्हणतात. उघडा डबा, चोपन्न बर्थ, बाजूचे बर्थसुद्धा आपल्यासारखेच. रुळांची रुंदी आपल्याहून थोडी कमी, 1520 मिलिमीटर. आपले ब्रॉडगेज 1676. तरी डबा आतून ऐसपैस वाटतो, कारण तिकिटापेक्षा जास्त माणसं त्यात चढत नाहीत. प्रत्येक डब्याला एक कंडक्टर असते, बहुधा बाईच. ती दारात पासपोर्ट तपासते, पिशवीत बंद केलेल्या धुतलेल्या चादरी देते आणि आपलं स्टेशन यायच्या आधी येऊन उठवते. रात्री तीनला उतरायचं असलं तरी उठवते, खांदा हलवून उठवते. डब्याच्या टोकाला पाण्याचा बंब सतत उकळत असतो. त्यातून पाणी घ्यायचं आणि चहा करत बसायचं, हाच तिथला प्रवास. आम्ही घरून सुक्या कोलंबीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि खजूर नेले होते. भाकऱ्या दुसऱ्या दिवशी कडक झाल्या. चटणी मात्र डब्यातल्या चार कुटुंबांनी मागून खाल्ली आणि नंतर पाणी पीत बसली.

शब्दांची गंमत तर पहिल्या तासातच सुरू झाली. समोरच्या बर्थवरची आजी नातवाला दटावत होती आणि तिच्या बोलण्यातून 'नान' आला, 'किताप' आला, 'बाजार' आला. मग आम्ही बोटाने वस्तू दाखवत सुटलो. दुकानाला 'दुकेन', साबणाला 'साबिन', चहाला 'शाय', कांद्याला 'पियाझ'. शाळा म्हणजे 'मेक्तेप', आपला मकतब. आणि शिक्षक म्हणजे 'मुगालिम', आपला मुअल्लिम. आमच्यातली एक मुगालिम आहे हे कळल्यावर आजीने आपला खालचा बर्थ देऊ केला. लिपी मात्र रशियन वळणाची, त्यामुळे पाटी वाचायला आम्ही निरक्षर, आणि कानाला अर्धं ओळखीचं.

पहिला मुक्काम तुर्किस्तान. हे एका शहराचं नाव आहे. इथे ख्वाजा अहमद यसवी यांची मजार आहे. बाराव्या शतकातले हे सूफी तुर्की बोलीत लोकांना दीन समजावून सांगत. त्रेसष्टाव्या वर्षी, म्हणजे रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी जग सोडलं त्या वयाला, ते जमिनीखालच्या हुजऱ्यात जाऊन राहिले, अशी तिथे कथा सांगतात. आजची इमारत तैमूरने बांधायला घेतली आणि 1405 मध्ये तो मेला तशी ती अर्धवट राहिली. मागची बाजू निळ्या फरशांनी झगमगते, आणि समोरचा भव्य दरवाजा तसाच, उघड्या विटांचा, बांधकामाच्या वेळी खोचलेल्या लाकडी वाशांची टोकं अजून बाहेर. सहाशे वर्षं कुणी ते वासे काढले नाहीत. आम्हाला तो अर्धवट दरवाजाच जास्त आवडला. आत पितळी रंगाची एक अवाढव्य देग आहे, दोन टन वजनाची, तीन हजार लिटर पाणी मावेल अशी. 1935 मध्ये ती लेनिनग्रादच्या संग्रहालयात नेली होती, 1989 मध्ये परत आली.

तुर्किस्तानहून संध्याकाळी आरालची गाडी घेतली. मार्ग सिर दर्याच्या काठाने जातो. जुन्या उर्दू किताबांत हीच नदी 'सैहून' म्हणून भेटते. बाहेर गवताळ माळ, मेमध्ये थोडा हिरवा, मग वाळू, मग पुन्हा माळ, मधे दोन मदारींचे उंट. किझिलओर्दा स्टेशन आलं तेव्हा आमच्यातली उर्दूची शिक्षिका खिडकीला चिकटली. 'किझिल' म्हणजे लाल, आणि 'ओर्दा' म्हणजे छावणी. 'उर्दू' हा शब्द त्याच मुळाचा. वीस वर्षं फळ्यावर "उर्दू तुर्की लफ्ज़ है, मानी लश्कर" लिहिलं, तो शब्द इथे फलाटावर सिमेंटच्या अक्षरांत उभा होता. गाडी सुटेपर्यंत तीन फोटो काढले, तिन्ही हललेले.

त्यानंतर तोरेताम लागतं. बैकोनूरचं अवकाशतळ तिथेच. हे, म्हणजे एसटीवाले, तोपर्यंत शांत होते, ते एकदम उठून बसले. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा इथूनच वर गेले. यांना तो दिवस आठवतो. गावात एकच टीव्ही होता आणि त्यांना वडिलांनी खांद्यावर घेऊन तो दाखवला होता. यांनी समोरच्या बर्थवरच्या बाईंना हे सगळं सांगायला सुरुवात केली. मुलगी रशियनमध्ये सांगत गेली. बाई किझिलओर्द्याला चढल्या होत्या, कुठल्याशा शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते? यांचा आवाज जरा चढला.

"सांग त्यांना, तीन वर्षांत डॉक्टर होईल. गावात दवाखाना काढणार आहे."

मुलीने काही सांगितलं नाही. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हे म्हणाले, "सांग ना." ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "अब्बा, मला हे सांगता येणार नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, आमच्या गावच्या बोलीत, दबक्या आवाजात. जानेवारीच्या परीक्षेत ती बसली नाही. तिसरं वर्ष गेलं. सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारीपासून ती वर्गातच नव्हती. आम्हाला कळवलं नाही, कारण फीसाठी आम्ही खाडीवरची अठरा कलमं गहाण टाकली आहेत हे तिला माहीत होतं.

घरात असतो तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. आवाज चढला असता, दार आपटलं असतं, शेजारच्या फुफी धावत आल्या असत्या. पण चोपन्न माणसांच्या उघड्या डब्यात दार नसतं. आमच्यातला एक वरच्या बर्थवर चढला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दुसरीला जो राग आला तो मुलीचा कमी आणि स्वतःचा जास्त होता. मागच्या बाकावर गप्प बसणारं पोर वर्गात पहिल्या आठवड्यात ओळखणारी ही बाई, आणि चार महिने बंद कॅमेऱ्याशी बोलत राहिली. स्वयंपाकीण बाईंना भाषा कळली नव्हती, पण त्यांनी उठून तीन कप चहा करून आणला आणि एक कप हात उंच करून वरच्या बर्थवर ठेवला. तो सकाळपर्यंत तसाच होता.

पहाटेच्या सुमारास कंडक्टर बाईने खांदा हलवला. आराल.

या गावाबद्दल भूगोलाच्या पुस्तकात आम्ही दोन ओळी शिकवतो. 1960 च्या सुमारास आराल समुद्र 68 हजार चौरस किलोमीटर होता, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. त्याला पाणी देणाऱ्या दोन नद्या, सिर दर्या आणि अमू दर्या, सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीकडे वळवल्या आणि समुद्र आटला. स्टेशनच्या आत भिंतीवर रंगीत तुकड्यांचं मोठं चित्र आहे : 1921 च्या दुष्काळात लेनिनच्या पत्राला उत्तर म्हणून इथल्या कोळ्यांनी मासळीचे चौदा डबे भरून पाठवले, तो प्रसंग. फलाटावर अजूनही बायका सुकी, धुरावलेली मासळी विकत उभ्या होत्या. वास ओळखीचा. क्षणभर आम्हाला आमचा सोमवारचा बाजार आठवला.

स्टेशनवरून जुन्या बंदरावर चालत गेलो. धक्का आहे, क्रेन आहेत, संग्रहालयाच्या आवारात रंगवून ठेवलेल्या मचव्यांसारख्या होड्या आहेत. पाणी नाही. जिथे बोटी लागत तिथे झुडपं आणि गाई.

आमच्या घरातले मागच्या पिढीचे पुरुष बहुतेक बोटीवर. यांचे वडील तीस वर्षं खलाशी होते. ते म्हणायचे, जमीन विकली जाते, दर्या कुणी विकू शकत नाही. हे त्या धक्क्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि खाली बघत राहिले. बोलले नाहीत. खरं तर कालपासून बोललेच नव्हते.

तिथून एक जीप ठरवली. सोव्हिएत बनावटीची, आवाज ट्रॅक्टरचा, दाराला आतून कडी. झालानाश नावाच्या गावाजवळ पूर्वी कोरड्या तळावर गंजलेल्या बोटींची रांग होती, तिचे फोटो जगभर छापून आलेले आहेत. आता त्यातल्या बहुतेक बोटी कापून भंगारात गेल्या. ड्रायव्हर पन्नाशीचा, त्याचे अब्बा मासेमारी करत. त्याने सांगितलेलं मुलीला आमच्यापर्यंत पोचवावंच लागलं. आणि यांना प्रश्न पडतच होते. पाणी किती लांब गेलं? शंभर किलोमीटर. आता? मग ड्रायव्हरने धरणाची गोष्ट सांगितली. आरालचे दोन तुकडे झाल्यावर उत्तरेकडच्या लहान तुकड्याला बांध घालून सिर दर्याचं पाणी तिथेच अडवायचं ठरलं. लोकांनी आधी वाळूचे बांध घातले, ते वाहून गेले. मग जागतिक बँकेच्या कर्जातून कोकारालचं पक्कं धरण झालं, 2005 मध्ये. पाणी चार मीटरच्या आसपास चढलं आणि बराच अंतर परत आलं. खारेपणा कमी झाला तशी गोड्या पाण्याची मासळीही परत आली. दक्षिणेचा मोठा भाग मात्र गेला तो गेलाच.

"विचार त्याला, पाणी परत आलं तेव्हा त्याचे अब्बा होते का," हे म्हणाले. चोवीस तासांत मुलीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. अबोला धरायला दुभाषी लागत नाही, पण दुसऱ्याला काही विचारायचं तर लागतो.

होते, असं उत्तर आलं. एक वर्ष होते.

तळावरची वाळू पायाखाली खारी, चुरचुरणारी. तिच्यात शिंपले होते, आपल्या किनाऱ्यावर मिळतात तसलेच, नखाएवढे. यांनी मूठभर उचलून खिशात घातले. नंतर अक्ताऊच्या विमानतळावर तपासणीत ते बाहेर काढावे लागले आणि अधिकाऱ्याने हसून परत दिले.

आरालहून पश्चिमेचा टप्पा सर्वांत लांब. आधी गाडी उत्तरेला शलकारपर्यंत जाते, तिथून बेयनेऊला वळते. हा शलकार-बेयनेऊ मार्ग 2014 मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी याहून मोठा वळसा पडत असे. खिडकीतून दिवसभर एकच गोष्ट दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. तासाभराने एखादं घर, त्याच्या बाजूला मोटरसायकल, एक कुत्रा. लांबवर कबरस्तानं दिसतात, घुमटांची, भिंतींची. जिवंत माणसांच्या घरांपेक्षा मजबूत बांधलेली.

या टप्प्यात नमाजची एक गंमत कळली. 2024 मध्ये सगळ्या कझाकस्तानचं घड्याळ एक केलं, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. देश इतका रुंद की अल्मातीत मगरिब सातच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांनी झाली होती, आणि पश्चिम टोकाला सूर्य पावणेनऊनंतर बुडाला. हातातलं घड्याळ तेच. किब्लाही सरकत गेला. गावी आपला किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. अल्मातीत तो नैर्ऋत्येच्या जरा पश्चिमेकडे होता, आणि जसजसे पश्चिमेला गेलो तसतसा तो दक्षिणेकडे वळत गेला. बर्थवर बसूनच नमाज, कसर आणि जमा करून. आम्ही शाफई असल्याने ती सवलत आहे. तिथले लोक हनफी. समोरच्या चाचांनी असर एवढ्या लवकर कशी, असं खुणेने विचारलं. मुलीने समजावलं, त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी घोड्याच्या मांसाची काप पुढे केली आणि आमची पंचाईत झाली. आपल्याकडे ते जायज, हनफींच्या इमामांच्या मते मकरूह; पण खाणारे ते आणि हात आखडणारे आम्ही! शेवटी मुलीने एक तुकडा घेतला. यांनी तिच्याकडे बघून अर्धा घेतला. "बीफसारखंच, जरा गोडसर," म्हणाले.

त्या रात्री बाकीचं कळलं. आम्ही कारण शोधत होतो. फी? वाईट संगत? आजार? कुणी त्रास दिला? मुलगी म्हणाली, "कारण असं काही नाही अम्मी. मी उठलेच नाही. जानेवारीत तीन आठवडे मी पलंगावरून उठले नाही. परीक्षा आहे हे माहीत होतं. पाय खाली ठेवता येत नव्हते." बाहेर उणे पंधरा, सकाळी अंधार. खोलीतल्या बाकीच्या मुली सुट्टीत घरी गेल्या होत्या. वर्ग इंग्रजीतून, पण वॉर्डातले रुग्ण रशियन आणि कझाक बोलणारे. नापास झालेल्यांत आपण एकट्या नाही हे तिला ठाऊक होतं. तरी आम्हाला सांगायच्या विचाराने तिचे पाय आणखी जड झाले. पाठवणाऱ्या एजंटाने आम्हाला मेसमध्ये भारतीय जेवण मिळेल, मुलींचं वसतिगृह वेगळं आहे, हे दहादा सांगितलं होतं. हिवाळ्याबद्दल तो काही बोलला नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. स्वेटर किती द्यायचे एवढंच विचारलं.

"मग आता कशी उठतेस?" यांनी विचारलं.

"गाडीत उठवतात," ती म्हणाली.

अक्ताऊ हे कॅस्पियनच्या काठचं शहर. सोव्हिएत काळात याचं नाव शेवचेन्को होतं, या भागात हद्दपारीत राहिलेल्या युक्रेनी कवीच्या नावावरून. गोडं पाणी नव्हतंच. 1973 पासून 1999 पर्यंत अणुभट्टीच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करून शहर जगवलं. इथे पत्ते सांगायला रस्त्यांची नावं फारशी चालत नाहीत. वस्तीचा नंबर, इमारतीचा नंबर, घराचा नंबर. तिथल्या लोकांनी हेही सांगितलं की कॅस्पियनही आता मागे सरकतोय. पूर्वी पाण्यात असलेले खडक दाखवले.

तिथून तीन दिवसांसाठी जपानी जीप आणि ड्रायव्हर घेतला. बेकेत-अता यांच्या मजारीला जायचं होतं, उस्त्युर्त पठाराच्या कड्यात. रस्त्यात कारागियेचा खोलगट भाग लागतो, समुद्रसपाटीच्या 132 मीटर खाली. आम्हाला तो फक्त मोठा खड्डा दिसला; उन्हात डोळे उघडत नव्हते. जानाओझेन हे तेलाचं शहर मागे पडलं की माणसं संपतात. रिवाज असा की आधी शोपान-अता यांना सलाम करायचा, मग बेकेत-अतांकडे जायचं. दोन्ही ठिकाणी मशिदी खडकात, जमिनीखाली कोरलेल्या. बेकेत-अता अठराव्या शतकातले, खीव्याला शिकून आलेले. त्यांनी चार मशिदी बांधल्या आणि तिथे मुलांना शिकवलं, असं सांगतात. म्हणजे तेही मुगालिमच.

दर्ग्यांवर जावं की न जावं यावर आपल्याकडे दोन मतं आहेत आणि आमच्या दोघांतही आहेत. तो वाद आम्ही गाडीत ठेवून उतरलो. वरच्या मुक्कामाच्या घरापासून मशिदीपर्यंत कड्याच्या उतारावरून लांबच लांब पायऱ्या आणि वाट आहे. खाली सगळं पांढरं, खडूचं, एके काळच्या समुद्राचा तळ. वाटेत रानमेंढ्या दिसल्या. इथे त्यांना कुणी मारत नाही, म्हणून त्या पळतही नाहीत. मशिदीत वाकून शिरावं लागतं. आत थंड. छतातल्या झरोक्यातून एकच उजेडाचा खांब. आम्ही तिघांनी फातिहा पढली आणि बसून राहिलो. दुसरे लोक आले की सरकून जागा द्यायची, एवढाच तिथला कायदा.

वर मुक्कामाला पैसे लागत नाहीत. येणारा आपापला शिधा आणतो, कुणी मेंढा आणतो, सगळं एकत्र शिजतं आणि लांब दस्तरखानावर वाढलं जातं. आम्ही खजूर ठेवले. रात्री तिथे चाळीसेक माणसं होती. जेवणानंतर सगळ्यांत वयस्कर माणसाने 'बाता' दिली. बाता म्हणजे दुआ. वडीलधाऱ्याने हात उघडून, मोठ्याने, एखाद्याचं नाव घेऊन द्यायची. त्यांनी आमच्या मुलीकडे बोट करून विचारलं, ही कोण, काय करते?

परत तोच प्रश्न. सगळं दस्तरखान आमच्याकडे बघत होतं. मुलीने यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "सांग, अल्मातीत शिकते. एक वर्ष मागे पडली. पुन्हा करणार आहे."

तिने सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण 'बिर झिल', एक वर्ष, हे शब्द तोवर आम्हालाही कळायला लागले होते. म्हाताऱ्यांनी हात उघडले. दुआ बरीच लांब होती. मुलीला कझाक अर्धवट येतं, त्यामुळे तिला त्यातलं फारसं कळलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. शेवटी चाळीस माणसांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि "आमिन" म्हटलं. आमच्यातली एक उठून भांडी उचलायला बायकांच्यात गेली, कारण तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी बोझजिराच्या सुळक्यांकडे निघालो आणि मधेच चिखलात रुतलो. रात्री पाऊस पडला होता. ती पांढरी माती कोरडी असते तेव्हा दगड, भिजली की साबण. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. ड्रायव्हर बाहेर आला, टायरला लाथ मारली, सिगरेट ओढली आणि म्हणाला, थांबू. ऊन आहे, वाळेल. फोनला रेंज नाही, नजर जाईल तिथवर झाड नाही. दोन तास थांबलो. यांची साखरेची गोळी आणि शेवटची सहा बिस्किटं यांचा हिशेब मांडून झाला. मग झुडपांच्या काटक्या आणि गाडीतल्या चटया चाकांखाली घातल्या. बापलेकीने मागून ढकललं, मुगालिम बाजूला उभी राहून सूचना देत होती. तिसऱ्या खेपेला गाडी सुटली आणि दोघं तोंडावर आपटली. उठले तेव्हा दोघांचे फक्त डोळे दिसत होते. मुलगी हसायला लागली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. दोन वर्षांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता.

बोझजिरा सुंदर आहे. पांढरे दात उभे असावेत तसे सुळके. फोटोत पाहिलेत तर तुम्हाला खरं वाटणार नाही. आम्ही मात्र तिथे अंगावरचा वाळलेला चिखल खरवडत बसलो होतो.

आमचे चौदा दिवस भरत आले होते. आम्ही अक्ताऊहून विमानाने अल्माती आणि तिथून घरी, असं ठरलेलं. मुलीने आपलं तिकीट रेल्वेचं काढलं. एकटीने, परत सगळा रस्ता. यांनी विमानाचे पैसे देऊ केले, ती नको म्हणाली. खाली उतरायची घाई कुणाला आहे, पुस्तकं सॅकमध्ये आहेत, म्हणाली. होती खरंच, तळाशी, फार्माकॉलॉजीचं एक जाडजूड पुस्तक, कधी टाकलं ते आम्हाला दिसलं नव्हतं. मंगिस्ताऊ स्टेशनवर आम्ही तिला गाडीत बसवलं. डब्याच्या दारात कंडक्टर बाईने पासपोर्ट बघितला. यांनी तिला मराठीतच सांगितलं, "बाई, हिला उठवा बरं का." मुलीने भाषांतर केलं नाही. बाईने मान हलवली.

घरी दादीला आम्हीच सांगितलं. तिने आधी कलमांचं विचारलं, मग पोरगी जेवते ना, ते विचारलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे आता ती महिन्यातून एकदा जाते, मनाच्या दुखण्याच्या. हे मोहल्ल्यात सांगताना आम्ही अजून अडखळतो, पण सांगतो. कॅमेरा कधी चालू असतो, कधी नसतो. सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. रोज सकाळी साडेसहाला, शाळेला निघण्यापूर्वी, आम्ही फोन लावतो. तिथे तेव्हा सहा वाजलेले असतात. कधी ती तिसऱ्या रिंगला उचलते, कधी कापून टाकते आणि मागून एका शब्दाचा मेसेज येतो : उठलेय.